नववी-दहावीच्या मुलांना खरोखर कामाला येईल असा कायदा कसा शिकवायचा

दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी असं सगळं आहे आणि ते चांगलंच आहे, माहितीच्या अधिकाराचा उल्लेखही आहे, पण हेच पुस्तक पाठ करून भरपूर मार्क पाडलेल्या मुलाला किंवा मुलीला तहसील कार्यालयात एक अर्ज द्यायला पाठवून बघा, अर्ज देऊन येतील आणि पोच न घेताच येतील. माझ्या मते कायदा मुलांच्या हातात आधी कागद म्हणून यायला हवा, म्हणजे अर्ज, पावती, पोच, तारीख, अपील, आणि कलमं त्याच्या मागून आली तरी चालतात. खाली जे लिहितोय ते शाळेतल्या शिक्षकांसाठी आहेच, पण वाचनालयात, वस्तीवरच्या अभ्यासिकेत किंवा सोसायटीत मुलं गोळा करून शिकवणाऱ्यांनाही वापरता येईल.

सुरुवात मुलांच्या प्रश्नांपासून करा. पहिल्या तासाला प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही, फक्त एवढंच लिहायचं की तुमच्यावर किंवा घरच्यांवर अशी वेळ कधी आली का की सरकारी ऑफिस, पोलीस, दुकानदार, शाळा, क्लास, मोबाईल यातल्या कशाशी तरी अडलं आणि काय करायचं ते कळलं नाही. कुठलाही वर्ग असो, थोड्याफार फरकाने हेच निघतं: उत्पन्नाचा दाखला मिळत नाहीये, दादाची गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं, क्लासवाले फी परत देत नाहीत, दुकानदार थंड बाटलीचे दोन रुपये जास्त घेतो, कोणीतरी फोटो व्हायरल केला, ताईचं लग्न लवकर ठरवलंय. वर्षभराचा अभ्यासक्रम या चिठ्ठ्यांतच असतो, तुम्हाला वेगळा बनवायची गरज नाही. फक्त चिठ्ठ्या तुम्ही एकट्याने आधी वाचा, वर्गात मोठ्याने वाचू नका, कारण एखाद्या चिठ्ठीत असं काही असू शकतं ज्यावर त्याच दिवशी काहीतरी करावं लागेल. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पहिला धडा सोपा घ्या आणि पाकिटावर घ्या. मुलांना घरून बिस्किटाचा पुडा, तेलाची पिशवी, पाण्याची बाटली, शाम्पूचं पाऊच, जे असेल ते रिकामं आणायला सांगा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावा. एमआरपी सगळे कर धरून असते हे तिथेच छापलेलं असतं, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीसाठीचा फोन नंबरही असतो, आणि निम्म्या वर्गाने हे आयुष्यात पहिल्यांदाच वाचलेलं असतं. मग थंड बाटलीचा प्रश्न घ्या. दुकानदार म्हणतो फ्रीजचं लाईट बिल येतं, म्हणून दोन रुपये जास्त. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, ही वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करण्याची बाब आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबरही आहे. इथे एखादी हुशार पोरगी हमखास विचारते की मग हॉटेलात वीसची बाटली पन्नासला कशी देतात, आणि प्रश्न बरोबरच आहे, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये असं ठरवलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये नुसती वस्तू विकली जात नाही, बसायची जागा, वाढणं, सेवा हे सगळं त्यात येतं, त्यामुळे तिथे एमआरपीची अट तशीच्या तशी लागत नाही. हे उत्तर टाळू नका. एकाच वस्तूला दोन ठिकाणी वेगळा नियम का लागू शकतो हे मुलांना इतक्या लहान उदाहरणातून दुसरीकडे कुठे समजणार.

याच तासात दोन-दोन मुलांचं नाटक करून घ्या, एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. अट एकच, आवाज चढवायचा नाही आणि बिल मागायचं. बिल मागणं हे आपल्याकडे भांडण काढण्यासारखं समजलं जातं, त्यामुळे तोंडातून वाक्य बाहेर पडायलाच सराव लागतो, "काका, तेवढं बिल द्या ना" हे चार वेळा वर्गात म्हटलं की पाचव्यांदा दुकानात म्हणता येतं.

आता मुख्य काम, अर्ज. याला चार-पाच तास द्या, दुसरं काही कमी केलंत तरी चालेल पण हे करू नका. माहितीचा अधिकार २००५ चा देशाचा कायदा आहे, महाराष्ट्राने त्याच्याही आधी २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला होता आणि त्यामागे अण्णा हजारेंचं आंदोलन होतं, हा इतिहास पाच मिनिटांत सांगून थेट लिहायला बसवा. मुलांना म्हणा शाळेकडे येणाऱ्या रस्त्याबद्दल माहिती मागा. पहिला मसुदा जवळजवळ सगळ्यांचा असाच येतो:

"आमच्या शाळेकडे येणारा रस्ता इतका खराब का आहे? याला जबाबदार कोण? तो कधी दुरुस्त होणार?"

तो फळ्यावर लिहा आणि विचारा, ऑफिसच्या कुठल्या फाईलमध्ये याचं उत्तर सापडेल? कुठल्याच नाही. या कायद्यात माहिती म्हणजे ऑफिसात नोंद असलेली गोष्ट, कागद, आदेश, रजिस्टर, करार, नमुना, आणि "का" असं विचारलं की जन माहिती अधिकारी, म्हणजे ऑफिसात या अर्जांना उत्तर देणारा अधिकारी, एका ओळीत कळवून टाकतो की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. मग मुलांकडूनच काढून घ्या की रस्ता होताना कुठले कुठले कागद तयार होत असतील. ज्यांच्या घरात कोणी सेंटरिंगचं काम, मिस्त्रीकाम किंवा ठेकेदारी करतं ती मुलं इथे सगळ्यात पुढे असतात, त्यांना बोलू द्या. शेवटी मसुदा असा काहीतरी होतो:

"एसटी स्टँड चौक ते शाळेचं गेट या रस्त्यावर १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात झालेल्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या संबंधित पानांच्या प्रती आणि करारातलं दोष दायित्व कालावधीचं पान मिळावं."

दोष दायित्व कालावधी म्हणजे काम झाल्यावर अमुक काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. हे कळल्यावर वर्गातला सूर बदलतो, आतापर्यंत रस्ता कसा आहे यावर बोलणारी मुलं आता कुठल्या पानावर काय लिहिलं असेल यावर बोलायला लागतात. तेवढ्यासाठी हा धडा आहे.

मग तांत्रिक भाग. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र अ च्या नमुन्यात करतात, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही पण दाखल्याची झेरॉक्स जोडावी लागते. माहिती ३० दिवसांत द्यायची, माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प, आणि तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. हे सगळं वहीत उतरवून देऊ नका, वर्गाच्या भिंतीवर एक कॅलेंडर लावा आणि अर्ज दिला ती तारीख, तिसावा दिवस, अपिलाची शेवटची तारीख अशा खुणा करा, आपोआप लक्षात राहतं.

आणि पोच. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. साहेब जेवायला गेलेत, उद्या या, नुसता ठेवून जा, अशी तिन्ही उत्तरं वर्गात नाटकातून येऊ द्या आणि प्रत्येकाला काय म्हणायचं ते मुलांना ठरवू द्या. अगदीच कोणी घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवायची.

एक काळजी घ्या. खरा अर्ज पाठवणार असाल तर मुलाच्या नावाने पाठवू नका, कायदा सगळ्या नागरिकांना अधिकार देतो हे खरं, पण गावात सरपंच कोण, ठेकेदार कोणाचा मेव्हणा हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याचा त्रास पोराच्या घरी व्हायला नको. तयार असलेल्या एखाद्या पालकाच्या नावाने पाठवा, आणि पहिल्याच अर्जाला वादाचा विषय घेऊ नका, शाळेसमोरच्या स्टॉपवर थांबणाऱ्या एसटीच्या फेऱ्यांचं मंजूर वेळापत्रक, गावातल्या पाण्याच्या नमुन्यांचे तपासणी अहवाल, असे विषय पुरतात. तपासणी अहवाल हातात आला की विज्ञानाच्या शिक्षकांनाही सोबत घ्या.

याला जोडूनच लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ उरकून घ्या, कारण दहावीनंतर प्रत्येक घरात उत्पन्न, जात, अधिवास, नॉन क्रिमीलेअर अशी दाखल्यांची धावपळ सुरू होते. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं असतं, ऑफिसात त्याचा बोर्ड लावणं बंधनकारक आहे, अर्ज केल्यावर पोच मिळते, उशीर झाला तर अपील आहे आणि विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात पाठवून बोर्डवरचं सरकारी शुल्क वहीत लिहून आणायला सांगा, घरच्यांनी प्रत्यक्षात किती दिले होते ते मग त्यांचं तेच विचारतात.

पोलिसांचा विषय मुलांना सगळ्यात जास्त आवडतो आणि त्याबद्दलची माहिती सगळ्यात चुकीची असते, कारण ती सिनेमा आणि रीलमधून आलेली असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीये, तेव्हा जुन्या गाईडमधले कलम नंबर शिकवू नका, खरं तर नंबर शिकवूच नका. चार गोष्टी पक्क्या करा. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. आणि पंधरा वर्षांखालचा मुलगा किंवा कुठल्याही वयाची स्त्री यांना साक्षीदार म्हणून चौकशीसाठी पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) आणि एफआयआरमधला फरक नीट समजावा, आपल्याकडे "कंप्लेंट केली" एवढ्या एका शब्दात सगळं येतं. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर आणि तपास, अदखलपात्र असेल तर नुसती नोंद, आणि पुढचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय नाही. पंधरा हजारांचा मोबाईल कोणी खिशातून काढून नेला तर ती चोरी आहे, पण अर्जात "मोबाईल हरवला" असं लिहिलं तर गहाळची नोंद होते आणि एफआयआर होत नाही. कुठला शब्द लिहायचा याने इतका फरक पडतो हे मुलांना दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

मग गाडी. यावर वर्गात सगळ्यात जास्त आवाज होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त विनागिअर, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं, घरातली ॲक्टिव्हा त्यात बसत नाही हेही सांगा. मी हे सांगताना कैदेपेक्षा पंचवीस वर्षांच्या अटीवर जास्त वेळ घालवतो, कारण पोलिसात, सैन्यात, ड्रायव्हर म्हणून, डिलिव्हरीच्या कामावर जायचं मनात असलेल्या पोराला ती लगेच कळते.

आता जे सांगतोय ते सगळ्यात सांभाळून करायचं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी, त्यात येतं. मुलांना एवढं कळलं पाहिजे की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, पोलीस गणवेशात नसतात, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि नाव, फोटो, शाळा छापता येत नाही. हे ऐकूनच बऱ्याच मुलांची भीती कमी होते, कारण सांगितलं तर सगळ्या गावाला कळेल हीच मोठी भीती असते. तुम्ही मात्र एक लक्षात ठेवा, एखाद्या मुलीने येऊन म्हटलं की "सर, एक सांगायचंय, पण कोणाला सांगू नका", तर तसं वचन देऊ नका. अशा गुन्ह्याची माहिती कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा कायद्याने गुन्हा आहे, शिक्षकासाठीही, मुख्याध्यापकांसाठीही. तिला सांगा की मी सगळ्यांना सांगत फिरणार नाही, पण तुला वाचवू शकतील अशा माणसांना सांगावंच लागेल, आणि तेव्हा मी तुझ्यासोबत असेन. स्वतः उलटतपासणी करू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, शाळेची बदनामी होईल म्हणून आतल्या आत मिटवू नका. १०९८ हा बालकांसाठीचा हेल्पलाईन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा रंगवून घ्या.

याच तासात मोबाईल घ्या. वर्गातल्या कोणाचा नको तसा फोटो किंवा व्हिडिओ आला आणि तो नुसता पुढे पाठवला तरी गुन्हा होतो, काढणारा वेगळा आणि फॉरवर्ड करणारा वेगळा असं नाही, दोघंही अडकतात. ज्याचा फोटो गेलाय त्याने काय करायचं हे शिकवणं जास्त महत्त्वाचं: डिलीट करण्याआधी कधी आला, कोणत्या नंबरवरून आला याची नोंद ठेवायची, मोठ्या माणसाला सांगायचं, सायबर पोर्टलवर तक्रार करायची, पैशाची फसवणूक असेल तर १९३० ला जितक्या लवकर फोन तितकं बरं. फोटो पुरावा म्हणूनही मैत्रिणींना पाठवायचा नाही.

बालविवाहाचा विषय वेगळा काढून भाषण देऊ नका, चिठ्ठ्यांत आला असेल तर कायदा आणि माणूस दोन्ही सांगा. मुलीचं १८, मुलाचं २१, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. रोज दिसणारा माणूसच तो अधिकारी आहे हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं.

शिक्षकांनी वगळू नये असा एक कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. मुलांना बाकी सगळे हक्क शिकवायचे आणि छडी कपाटात ठेवायची असं करून चालत नाही, मुलांना ते लगेच दिसतं. हे कलम मी स्वतः फळ्यावर लिहितो आणि शाळेत तक्रार कोणाकडे करायची, तक्रार पेटीची किल्ली कोणाकडे असते, हे विचारायला लावतो.

कोर्ट दाखवायला न्या. तालुक्याच्या कोर्टाचं कामकाज सहसा खुलं असतं, पण तीस-चाळीस मुलं घेऊन थेट जाऊ नका, तालुका विधी सेवा समितीला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, ते तारीख देतात आणि बऱ्याचदा एखादे वकील सोबत देतात. पंधरा-वीसची तुकडी, मोबाईल बंद. मुलांना काम द्या: बाहेर लावलेला बोर्ड वाचून आज किती केसेस आहेत ते मोजा, शिपाई पुकारा कसा करतो ऐका, किती केसेसमध्ये नुसती पुढची तारीख पडली आणि काय कारणाने पडली ते लिहा. साक्षीदार आला नाही, समन्स बजावलं गेलं नाही, वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, ही कारणं मुलं स्वतःच्या कानांनी ऐकतात तेव्हा "तारीख पे तारीख" हा नुसता डायलॉग राहत नाही. परत येताना तिथल्या विधी सेवेच्या ऑफिसचं दार दाखवा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००. आईला कधी लागला तर मुलाला हे दार माहीत असायला पाहिजे.

अभिरूप न्यायालय, म्हणजे वर्गातच लुटुपुटीचा खटला, करायचं असेल तर खुनाचा खटला घेऊ नका, त्यात नुसती फिल्मी भाषणं होतात. क्लासने फी परत दिली नाही अशी ग्राहक तक्रार घ्या. तक्रारदार, सामनेवाले, दोन्हीकडचे वकील, साक्षीदार आणि तीन जणांचं ग्राहक आयोगाचं मंडळ. कागद आधी तयार करा, एक पावती, एक जाहिरातीचं पत्रक, तीन-चार व्हॉट्सॲप मेसेज, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात "फी परत मिळणार नाही" असंही छापा, म्हणजे दोन्ही बाजूंना काहीतरी हाताशी राहील. सुनावणीच्या दहा मिनिटं आधी बाजू बदलायला लावा. पोरं कुरकुर करतात, पण समोरच्याचंही काही म्हणणं असू शकतं हे त्यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. निकाल मात्र लेखी हवा, आणि त्यात कारणं हवीत, कोणता कागद मानला आणि कोणता का नाही मानला. नुसतं "तक्रारदार जिंकला" असं लिहून दिलं तर परत करा.

ग्रामसभा सोपी आहे, वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात, नोटीस चावडीवर लागते, १५ टक्के किंवा १०० मतदार यापैकी जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी. मुलांना मत नाही पण ऐकायला मागे बसवा आणि इतिवृत्त लिहायला सांगा, मग ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताशी ते पडताळून बघा. शहरातल्या शाळांनी नगरपालिकेच्या सभेचा विषय घ्यावा.

राहिला वेळेचा प्रश्न, कारण मुख्याध्यापक पहिल्यांदा तेच विचारणार. इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर चाळीस मार्कांचा आणि पोर्शन मोठा, त्यामुळे दहावीला हे सगळं जमणार नाही, पाकीट, अर्ज आणि पोलीस एवढंच घ्या आणि तेही गणपतीच्या आधी संपवा. नववीला आठवड्याला एक तास मिळवा, कार्यानुभवाचा मिळाला तरी चालेल, अर्ज मराठीच्या पत्रलेखनात घालता येतो. माहितीचा अर्ज जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टाका. ऑगस्टअखेर तीस दिवस भरतात, उत्तर आलं तर सप्टेंबरमध्ये वर्गात वाचता येतं, नाही आलं तर सप्टेंबर संपायच्या आत पहिलं अपील जातं, त्याचा निकाल ३० आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा काहीतरी कागद आलेला असतो, आणि २६ नोव्हेंबरला संविधान दिनाच्या परिपाठाला उद्देशिका वाचून झाली की तोच कागद मुलांकडून सगळ्या शाळेसमोर वाचून घ्या.